बारावी खोली, कायम चोवीस

माझ्या सासूबाई ओळखीपाळखीत सांगायच्या, "आमची सून टीव्ही दुरुस्त करते." मी जन्मात एकही टीव्ही दुरुस्त केलेला नाही. पण त्यांच्या या जाहिरातीमुळे रायपूरच्या चौबे कॉलोनीतले निम्मे बंद पडलेले मिक्सर आमच्या ओट्यावर येऊन बसत, आणि मी ते न उघडता परत पाठवले की "शिकलेली आहे ना, गर्व आहे" असं बायका म्हणत. गर्व होताच. फक्त तो मिक्सरचा नव्हता.

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "तुमच्या नोकरीबद्दल लिहा, पण सगळ्यांना समजेल असं लिहा." एकाच वाक्यात दोन मागण्या करायला त्यांचं काय जातं? तरी बघू.

बीरगांवच्या पुढे, कारखान्यांच्या रांगेत, अग्रवालजींचं छोटं वर्कशॉप होतं. बाहेर लोखंडाची काळी धूळ, आत आम्ही मोजकी माणसं. आम्ही कंट्रोल पॅनेल बनवायचो. पत्र्याचे डबे, त्यात तारा, आणि मधोमध नखाएवढी एक चिप. बाकीचे डबा बनवायचे, मी चिपला अक्कल द्यायची.

चिपला फक्त आकडे कळतात. ऊन, उकाडा, वाफ यांतलं तिला काही कळत नाही. खोली किती तापली हे सेन्सरकडून तारेवर बारीकशा विजेच्या रूपात येतं, आणि त्या विजेचा आकडा करून देणारा एक भाग चिपच्या पोटात असतो. पंचाईत अशी की तारा भरपूर आणि आकडा करणारा एकच. म्हणजे डॉक्टर एक आणि बाकावर पेशंटांची गर्दी. मग रांग लावावी लागते. आधी कोण, नंतर कोण, प्रत्येकाला किती वेळ द्यायचा, मध्येच कोणी अत्यवस्थ आला तर काय करायचं, हे सगळं आधीच लिहून ठेवायचं. ते लिहिणारी कंपाउंडर मी.

ज्या चिपवर मी सर्वांत जास्त काम केलं तिच्यात दोन रांगा होत्या, एक साधी आणि एक तातडीची. तातडीच्या रांगेची घंटा वाजली की साधी रांग जिथल्या तिथे थांबते, तातडीचे पेशंट उरकतात, मग साधी रांग पुन्हा सुरू होते. एवढं समजलं तर पुढचं सगळं समजेल. नाही समजलं तर चकली खात वाचा, काही बिघडत नाही.

गिऱ्हाईकं एकेक नमुने होती. एका राइस मिलच्या शेठजींना धान वाळवायच्या ड्रायरसाठी तापमान दाखवणारं यंत्र हवं होतं. ते म्हणाले, "मैडम, बाजूवाले की मशीन में पॉइंट के बाद एक आंकड़ा है. हमको तीन चाहिए." मी म्हटलं, "शेठजी, धान को तीसरा आंकड़ा समझ में नहीं आता." ते म्हणाले, "धान को कौन दिखा रहा है? बाजूवाले को दिखाना है." दिले तीन. शेवटचा आकडा दिवसभर मुंगी चावल्यासारखा नाचायचा, आणि शेठजी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. खऱ्या तापमानाचा शेवटचा आकडा नाचतोच. हवा हलते, माणूस शेजारून जातो, तारेत ट्यूबलाइटची गुणगुण शिरते. आमच्या धंद्यात नाचणाऱ्या आकड्याची भीती वाटत नाही.

तेवढ्यात राज्य वेगळं झालं आणि रायपूर राजधानी झालं. कालपर्यंत ज्या चौकात म्हशी रवंथ करत बसायच्या, तिथे शिपाई शिट्ट्या फुंकू लागले. लाल दिव्याची गाडी आली की आम्ही सगळे स्कूटरवर एक पाय टेकवून उभे. ऑफिसं इतकी झाली की इमारती पुरेनात. अशाच एका जुन्या इमारतीला रंग फासून, मधे प्लायवूडच्या भिंती ठोकून एक मोठं ऑफिस बसवलं. कोणतं ते सांगत नाही, तिथले काही लोक अजून मंडळात येतात. त्या ऑफिसच्या एसीचं कंट्रोल आम्हाला मिळालं.

बारा खोल्या. प्रत्येक खोलीत एक सेन्सर आणि दारावर तापमान दाखवणारी एक डबी. खोली तापली की मशीनने थंड पाण्याचा वाल्व उघडायचा, गार झाली की बंद करायचा. पहिल्या चार खोल्या साहेबांच्या. त्यांच्या डब्या दारावर नकोत, टेबलावर हव्यात, आणि आकडा अगदी ताजा हवा, अशी वरून सूचना आली. तेव्हा त्या चार खोल्या मी तातडीच्या रांगेत घातल्या आणि उरलेल्या आठ साध्या रांगेत. तातडीची घंटा किती वेळा वाजवायची ते कमीजास्त करायला पॅनेलवर एक गोल बटण दिलं. रेडिओचा आवाज वाढवतो तसं फिरवायचं. अग्रवालजींनी हौसेने त्याच्यावर पितळी अक्षरांत 'व्हीआयपी' असं लिहून घेतलं.

टेंडरमध्ये आणखी एक अट होती. साध्या खोल्यांचे आकडे एकाच फेरीतले हवेत, तुकड्यातुकड्याने घेतलेले चालणार नाहीत. म्हणून असं ठरलं की साधी रांग मध्येच थांबवावी लागली तर नंतर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. ऑफिसचे सल्लागार, अग्रवालजी आणि मी, सगळ्यांनी माना डोलावल्या. फेब्रुवारीत मशीन चालू करून दिलं. पेढे पहिल्या खोलीत वाटले. बाराव्या खोलीपर्यंत कोणी चालत गेलं नाही.

मे महिन्यात तिवारीजींचा फोन आला. ते तिथले सरकारी इंजिनीयर, एसी प्लांट त्यांच्या ताब्यात. म्हणाले, "मैडम, यहाँ एक शिकायत है. आप आकर ज़रा समझा दीजिए."

"मशीन को?"

"नहीं, लेडीज़ को."

मी पोचले तेव्हा बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. तिवारीजींनी मला कॉरिडॉरमधून चालवत हकिगत सांगितली. बाराव्या खोलीत आवक-जावक विभाग, म्हणजे आलेलं-गेलेलं टपाल तिथे नोंदतात. तिथल्या इनचार्ज मॅडम रोज तक्रार करतात की खोली तापते. दारावरच्या डबीत चोवीस. प्लांटमधल्या पॅनेलवर चोवीस. "अब चौबीस में भी गर्मी लगे तो मामला एसी का नहीं है, मैडम. उमर का है," ते आवाज खाली आणून म्हणाले. मी तेव्हा तरुण होते, पण हे वाक्य ऐकून मी चालायचा वेग वाढवला.

बारावी खोली अगदी मागे होती. तिला खिडकी नव्हती. खिडकी प्लायवूडच्या पलीकडे, अकराव्या खोलीच्या वाट्याला गेली होती. दार उघडलं तर आतून तंदूरसारखी झळ आली. सात-आठ टेबलं, आणि सर्वांत आतल्या टेबलामागे गळ्याभोवती ओला नॅपकिन गुंडाळून बसलेल्या एक ठसठशीत बाई. या उषाताई लांजेवार. त्यांच्या मागच्या भिंतीवर दोऱ्याने एक थर्मामीटर टांगला होता, आपण तोंडात धरतो तो, तापाचा.

"कंपनीतून आली का तू? मले समजवाले?" त्यांनी विचारलं.

"समजून घ्यायला आले, काकू," मी म्हटलं.

"मराठी हायेस? कोनाची पोट्टी?"

"डोंगऱ्यांची. बाबा रेल्वेत होते."

एवढी ओळख पुरली. काकूंनी सगळं सांगून टाकलं. नोकरीची बहुतेक वर्षं भोपाळला काढलेली. नवरा, मुलं, सासू इथे चौबे कॉलोनीत, आणि या तिकडे एका खोलीत स्टोव्हवर खिचडी शिजवत. राज्य वेगळं झालं तेव्हा अर्जांवर अर्ज करून रायपूरला आल्या. "घरी आली एकदाची. सहा महिने नाही झाले, तर आता म्हणून राहिले का मॅडमले इथची हवा मानवत नाही, लांब जगदलपूरले पाठवा. बदलीचा कागद साहेबाच्या टेबलावर हाये. आज उद्या सही होते. मी काय मागितलं? हवा मागितली. काहून जाऊ मी जगदलपूरले?"

"आणि हा थर्मामीटर?"

"गोल बाजारातून आनला. तिवारीले दाखवला, म्हटलं हे पाय, अडतीस. तर म्हनते, मैडम, ये तो बुखार नापने का है, इसमें आपका बुखार दिख रहा है. मी म्हटलं, माह्या काखेत थोडी हाये तो, भितीले टांगला हाये. भितीले ताप आला का? तर सारे हासले."

मी बाकीच्या टेबलांकडे वळून विचारलं, "आप लोगों को गर्मी लगती है?" जवळच्या एका क्लार्कचा शर्ट पाठीला चिकटून आरपार दिसत होता. त्याने मान वळवून दारावरच्या डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ठीक ही है मैडम. चौबीस तो है." दुसऱ्यानेही आधी डबीकडे पाहिलं. "हाँ, चौबीस है." त्यांचंही बरोबर होतं. ज्या बाईने उकडतं म्हटलं तिचा कागद साहेबांच्या टेबलावर होता.

मीही डबीकडे पाहत राहिले. चोवीस पॉइंट शून्य. परत पाहिलं. चोवीस पॉइंट शून्य. लोक आत-बाहेर करत होते, दार उघडत-मिटत होतं, आणि तो शून्य फोटोतल्यासारखा गप्प. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी शिपायाला गरम चहाचा ग्लास आणायला सांगितला आणि तो सेन्सरच्या खाली धरून उभी राहिले. चोवीस पॉइंट शून्य. मग टेबलावर चढून सेन्सरची तारच सोडवली. आता मशीनला खोली आहे की नाही हेसुद्धा कळायला मार्ग नव्हता. डबीत चोवीस पॉइंट शून्य.

तिवारीजींचा चेहरा फुलला. "देखा मैडम? तार निकाल दी, फिर भी चौबीस. कितना पक्का सिस्टम है."

मी टेबलावरून उतरले. हसू की रडू कळेना, म्हणून चहा पिऊन टाकला.

प्लांटरूममध्ये मंगलू नावाचा ऑपरेटर होता. पॅनेलवर नजर टाकली तर व्हीआयपी बटण उजवीकडे पार शेवटपर्यंत पिळलेलं. आम्ही मशीन सोपवलं तेव्हा ते मध्यावर होतं. मी विचारलं, "इसको किसने घुमाया?"

"पीए साहब आय रिहिन," मंगलू इथल्या बोलीत म्हणाला. "कहिन, साहब ला ताजा चाही."

"और इतना टाइट?"

"हव मैडम. बहुत ताजा चाही."

मी लॅपटॉप जोडून बसले. मशीनला सांगितलं, ज्या खोलीचा नंबर लागेल तिचा पॅनेलवरचा दिवा क्षणभर लाव. तातडीचे चार दिवे लुकलुक करायला लागले. साध्या रांगेतली पाचवी खोली पेटली, सहावी, सातवी. जुन्या इमारतीत तारा लांबच लांब फिरवलेल्या, म्हणून प्रत्येक खोलीला जरा जास्त वेळ दिलेला होता, तार शांत होईपर्यंत. आठवी, नववी, दहावी, अकरावी, आणि बाराव्या खोलीचं दार येणार तोच तातडीची घंटा. साहेबांच्या चार खोल्या. त्या उरकल्या आणि साधी रांग पुन्हा पाचव्या खोलीपासून. परत अकरावीपर्यंत, परत घंटा. कंपाउंडर दर वेळी बाकावरच्या पहिल्या पेशंटला हाक मारणार आणि शेवटचा पेशंट आपला बसलेलाच. बाराव्या खोलीचा नंबर बटण पिळल्यापासून एकदाही लागला नव्हता. फेब्रुवारीतल्या कोणत्या तरी सकाळी तिथे चोवीस होतं, तोच आकडा मशीन मे महिन्यात इमानदारीने दाखवत होतं. आणि खोली चोवीसवर आहे म्हटल्यावर वाल्व उघडायचं कारणच नव्हतं.

नुसतं बटण मागे फिरवलं असतं तरी भागलं असतं. पण उद्या पीए परत पिळणार हे मला दिसत होतं. दुरुस्ती एका आकड्याची होती. चिपला सांगायची सोयच असते की रांग थांबली तर पुढे काय. शून्य लिहिलं तर पहिल्यापासून, एक लिहिलं तर जिथे थांबली तिथून पुढे. मी टेंडरच्या अटीला मनातल्या मनात नमस्कार केला आणि शून्याचा एक केला. संध्याकाळी अग्रवालजींना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बस इतना? इसके लिए इंजीनियर लगता है?" त्यांना वाटलं मी निदान एखादी मोटर तरी बदलली असेल.

नवीन प्रोग्रॅम चढवायला मशीन थोडा वेळ बंद करावं लागतं. मी तिवारीजींना म्हटलं, "साहेबांना सांगून ठेवा." ते म्हणाले, "अरे, पाँच मिनट में किसको पता चलेगा." मी मुद्दाम आग्रह केला नाही. मशीन बंद केलं. बाराही डब्यांत आकड्यांच्या जागी आडव्या रेघा आल्या. महिनाभर बाराव्या खोलीतली बाई बोंबलत होती तर तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. साहेबांच्या टेबलावर रेघा आल्या आणि कॉरिडॉरमध्ये धावपळ सुरू झाली. आधी पीए आला, त्याच्यामागून खुद्द मोठे साहेब. "मेरा टेम्परेचर कहाँ गया?"

"आ रहा है सर," मी म्हटलं. "लेकिन पूरा देखना हो तो पीछे चलना पड़ेगा. बारह नंबर में." तिवारीजी डोळ्यांनी मला नाही-नाही करत होते. प्रोग्रॅम चढला होता. मी लॅपटॉप बगलेत मारला आणि चालायला लागले. साहेबांना वाटलं तांत्रिक काही असेल. तेही आले.

आम्ही बाराव्या खोलीत शिरलो. आतले सगळे उठून उभे राहिले. काकूही उठल्या, नॅपकिन गळ्यातच. मी मघाशी सोडलेली तार परत जोडली होती. शिपायाकरवी मंगलूला निरोप धाडला, त्याने तिकडे मशीन चालू केलं. डबीतल्या रेघा गेल्या. अडतीस पॉइंट चार. लगेच पॉइंट सहा. परत पॉइंट पाच. तो शेवटचा आकडा असा नाचायला लागला की मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

साहेबांनी डबी पाहिली, भिंतीवरचा तापाचा थर्मामीटर पाहिला, परत डबी पाहिली. त्यांच्या कपाळावरून एक थेंब निघून चष्म्याखाली गेला. मग तो आरपार शर्टवाला क्लार्क खिशातून रुमाल काढून कपाळ टिपत म्हणाला, "सर, बहुत गर्मी है. महीने भर से." त्याबरोबर सगळ्या टेबलांवर रुमाल निघाले. एकाने तर फाइलने वारा घ्यायला सुरुवात केली. मला चीड आली. एक बाई उकडतंय म्हणत होती तेव्हा ही सगळी मंडळी याच खोलीत, याच खुर्च्यांवर बसली होती.

साहेबांनी तिवारीजींकडे पाहिलं, तिवारीजींनी माझ्याकडे, आणि पीएने छताकडे. "मैडम वाला कागज़ कहाँ है?" साहेबांनी विचारलं.

"आपकी मेज़ पर, सर."

"उसे रहने दीजिए."

"रहने दीजिए मतलब, सर, आज ही भेज दें?"

"मतलब फाड़ दीजिए."

काकू टेबलाची कड धरून उभ्या होत्या. त्यांनी घाम पुसल्यासारखं करत नॅपकिनच्या टोकाने डोळे पुसले. वर पाइपात पाणी सुटल्याचा आवाज आला, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्या जाळीतून गार हवेचा झोत खाली उतरला. टेबलावरची पाकिटं फडफडली.

साहेबांना आता काहीतरी चांगलं करायची हुक्की आली होती. ते मला म्हणाले, "ऐसा कीजिए, मैडम का कमरा भी व्हीआईपी में डाल दीजिए." तिवारीजी घाईघाईने म्हणाले, "हो जाएगा सर, अभी हो जाएगा."

"रहने दीजिए सर," काकू म्हणाल्या. "लाइन में ही ठीक हूँ. बस, बारी आ जाए."

साहेब मान हलवून निघून गेले, आणि त्यांच्यामागून पीए, तिवारीजी अशी वरात गेली. पुढे मी पुष्कळ यंत्रं बनवली, त्यांतली काही अजून चालतात. ती चिप आता कोणी बनवत नाही, अग्रवालजींचं वर्कशॉप बंद झालं, आणि नवीन मुलं रांग लावायचं काम तयार आणून चिकटवतात. चांगलंच आहे. पण साध्या रांगेतल्या शेवटच्या खोलीपर्यंत स्वतः चालत जाऊन आल्याशिवाय मी त्यानंतर कुठेच पेढा खाल्ला नाही.

त्या दिवशी मी तार-पक्कड आवरत होते. काकूंनी गळ्यातला नॅपकिन काढला, कोपऱ्यातल्या कुंडीत पिळला आणि खिळ्यावर वाळत टाकला. मग पदर सारखा करून त्या आपल्या खुर्चीवर टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटले. त्यांचे गाल ओले झाले होते आणि या वेळी त्यांनी ते पुसले नाहीत.

"काहून उभी हायेस?" डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "बस ना. आता इथंच हाये मी."